दोन बोटं की वीतभर

बायकोच्या केसांना फाटे फुटले म्हणून कऱ्हाडाहून थेट प्रयागला गेलेला अख्ख्या सातारा जिल्ह्यात मी एकटाच माणूस. हे कुणाला खरं वाटत नाही. तुम्हालाही वाटणार नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून आजवर कुणाचं भलं झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

परवा दुपारी नातसून केतकी पार्लरमधून केसांची टोकं कापून आली आणि मलाच शिकवायला लागली. "आजोबा, केस लांब वाढवायचे ना, तर मधूनमधून टोकं कापावी लागतात. नाहीतर फाटे वर चढत जातात आणि केस तुटतो. मग कितीही तेल लावा, वाढत नाही."

मी म्हटलं, "पोरी, बस इथं. या विषयात माझ्याइतका पोळलेला माणूस तुला पार्लरात भेटायचा नाही."

खिडकीशी आमची ही, म्हणजे दुर्गा, वाती वळत बसली होती. तिला हल्ली कमी ऐकू येतं. म्हणजे आपण हाक मारली की येत नाही, आपण काही सांगायला लागलो की येतं.

"सांगा," केतकी म्हणाली. मी सांगायला लागलो.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत दुर्गाला विषमज्वर झाला. ताप उतरला तो डोक्यावरचे केस घेऊनच. सकाळी उशी उचलली की उशीला केस आणि डोक्याला खोबरेल, अशी अवस्था. बरी झाल्यावर हळूहळू लव आली, मग काथ्यासारखं काहीतरी आलं, आणि मग असे काही वाढले की विहिरीत पोहरा सुटला तर ही वेणी सोडून तो वर ओढायची.

"काहीतरीच," खिडकीतून आवाज आला. "खांद्याच्या खाली उतरत नव्हते."

"बघ, कसं स्वच्छ ऐकू येतं!"

बरं, खांद्यापर्यंत. तिथं येऊन अडले. टोकांना फाटे. एका केसाचे दोन, दोनाचे चार. उन्हात उभी राहिली की पाठीवर खराटा टांगल्यासारखी दिसायची. हिला एकच ध्यास. टोकं कापायची, म्हणजे केस पुढं सरकतील. माहेरी तिच्या मावशीनं असंच करून गुडघ्यापर्यंत केस वाढवले होते म्हणे.

आणि घरात तिसरं माणूस होतं माझी आई.

आईची ओळख करून द्यायला हवी. मी पाळण्यात असताना वडील गेले. तेव्हाच्या रीतीप्रमाणे आई सोवळी झाली. डोक्यावर केस नाहीत, वरून लाल आलवण, हातात माळ आणि जिभेवर विळा. कृष्णा-कोयनेला एकदा पूर आला होता, तेव्हा आमच्या ओट्यापर्यंत चढलेलं पाणी आईनं दारात उभं राहून दोन वाक्यं बोलल्यावर मागं गेलं, असं गल्लीत सांगतात. सांगतात म्हणजे मीच सांगतो.

दुर्गानं कात्री मागितली त्या दिवशी मी जेवत होतो.

"कशाला हवी?" आईनं विचारलं.

"केसांची टोकं कापायचीत, सासूबाई. फाटे फुटलेत."

"सवाष्णीच्या केसाला कात्री लागली की नवऱ्याचं आयुष्य तुटतं. माहेरी शिकवलं नाही?"

"अहो, टोकंच तर कापायची."

"आयुष्याला टोकच असतं. टाळक्यावर धड केस उगवले नाहीत, तोवर नटवेपणा उगवला!"

"ज्यांचं आयुष्य आहे त्यांना विचारा की," दुर्गा म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "अहो, चालेल ना तुम्हाला?"

मी आमटी मागितली.

त्या दुपारी घरातल्या सगळ्या कात्र्या नाहीशा झाल्या. शिवणाची, कागदाची, निरांजनाची वात कातरायची चिमुकली सुद्धा. सगळ्या आईच्या सोवळ्याच्या पेटीत. आता त्या पेटीला हात कोण लावणार? ती पेटी उघडताना इंग्रजांनीसुद्धा आंघोळ केली असती.

दुर्गा हटणारी नव्हती. तिनं उदबत्तीच्या निखाऱ्यानं टोकं जाळायला घेतली. एकेक केस चिमटीत धरायचा आणि टोकाला निखारा टेकवायचा. चर्र. घरभर वास. आई देवघरातून ओरडली, "जिवंत माणसांच्या घरात मढं जाळतेस काय गं, अवदसे?"

"मढं नाही, फाटे जाळतेय."

"त्यापेक्षा स्वतःला पेटवून घे म्हणजे एकदम जातील!"

"तेवढ्यासाठी मी इथं आलेच आहे!"

मी तेव्हा नगरपालिकेच्या पाणीखात्यात होतो. शहराच्या कुठल्याही गल्लीतली फुटलेली नळी मी हातानं दाबून धरायचो, पण घरात ह्या दोघी सुरू झाल्या की मी अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालायचो. ती तुळस शेवटी पाण्यानंच कुजली.

मग विळीचं प्रकरण झालं. आई कीर्तनाला गेलेली बघून दुर्गा विळीवर बसली, डावा पाय पाटावर, आणि मेथी चिरावी तशी केसांची टोकं पात्यावर धरून चिरली. पातं बोथट. निम्मे केस कापले गेले, निम्मे नुसते ओरबाडले. होते त्याहून जास्त फाटे फुटले. विळी तिनं धुतली होती, ती आजही शपथेवर सांगते. पण संध्याकाळी आईच्या पानात पडवळाच्या भाजीतून एक केस निघाला. टोकाला फाटा असलेला, म्हणजे मालकी निर्विवाद.

आईनं तो केस चिमटीत धरून दिव्यापुढं नेला. मग पान सरकवलं.

"वामन, आजपासून हिच्या हातचं पाणीसुद्धा मी घेणार नाही."

"आई, चुकून—"

"मी हिच्याशी बोलत नाही. तुझ्याशी बोलतेय."

"आणि मी तुमच्याशीच बोलत नाही," दुर्गा मला म्हणाली. "कात्री मागितली तेव्हा आमटी मागितलीत ना? तीच प्या."

तिथून पुढं आई भुईमुगाच्या शेंगा आणि केळी यांच्यावर राहायला लागली. वाळत चालली. दुर्गा भिंतीला सांगून मला जेवायला वाढायची: "भिंती, ह्यांना म्हणावं ताट मांडलंय." आई देवाला सांगून हिला शिव्या घालायची: "देवा, ह्या भवानीला सद्बुद्धी नको देऊस, तुझी फुकट जाईल." देव, भिंत आणि मी, तिघेही ऐकून घ्यायचो.

ह्यातून वाट काढली ती मीच. शास्त्रानं सवाष्णीच्या केसाला कात्री लावायची एक सूट दिलेली आहे. प्रयागला, गंगा-यमुनेच्या संगमावर. वेणीदान. बायको नवऱ्याची आज्ञा घेते, नवरा तिला मांडीवर बसवतो, स्वतःच्या हातानं तिची वेणी घालतो आणि शेंडा कापून संगमात सोडतो. म्हणतात की केस एरवी पाण्यावर तरंगतो, तिथं मात्र बुडतो. पुण्यही लागतं आणि टोकंही जातात.

"संगमच हवा तर खाली घाटावर आहे की," दुर्गा भिंतीला म्हणाली. "कृष्णा-कोयनेचा."

"हिला म्हणावं, शास्त्र काय भाजी आहे, जवळच्या मंडईतून आणायला?" आई देवाला म्हणाली.

पण दोघीही तयार झाल्या. एवढ्यावरूनच मी ओळखायला हवं होतं.

गाडीत आई एका खिडकीशी, दुर्गा समोरच्या खिडकीशी, मी मध्ये. मनमाडपर्यंत तर डब्यातल्या लोकांना आम्ही तिघं एकमेकांचे आहोत हेच कळलं नव्हतं. एका मारवाड्यानं मला विचारलं, "आप अकेले हैं?" मी म्हटलं, "फार वर्षं."

आई जरा पेंगली तशी दुर्गानं कित्येक महिन्यांत प्रथमच माझ्याशी तोंड उघडलं. वेणी पुढं घेतली, शेंड्यापासून अंगठा आणि करंगळी ताणून माप दाखवलं.

"वीतभर कापायचं. फाटे इथवर चढलेत."

"अगं, शास्त्रात दोन बोटं—"

"दोन बोटांसाठी मी एवढी लांब आलेले नाही. नीट ऐका. तिथं तुमच्या आई म्हणणार, दोनच बोटं. तुम्ही त्यांचं ऐकून दोन बोटं कापलीत, तर परतीच्या गाडीतनं मी खंडव्याला उतरेन. दादा तिथं आहे. त्याला पत्र घालून ठेवलंय."

"केसांसाठी नवरा सोडणार?"

"केसांसाठी कोण सोडतंय? आजारपणात मी मरायला टेकले होते, तेव्हा औषध कुठलं द्यायचं हेसुद्धा तुम्ही आईंना विचारून यायचात. एकदा, माझ्यासाठी, त्यांच्यासमोर, त्यांना न विचारता एक काहीतरी करा. मग ते वीतभर का असेना."

एवढं बोलून ती बाहेर बघायला लागली. आणि पलीकडून आई, डोळे मिटलेलेच, म्हणाली, "मला झोप लागलेली नाही."

तिनं डोळे उघडले.

"दोन बोटांवर एक केस जरी जास्त गेला ना वामन, तर मी परत यायची नाही. काशी तिथनं जवळ आहे. माझ्यासारख्या पुष्कळ पडून असतात तिथं घाटावर. त्यात एक डोकं आणखी."

म्हणजे बघा. एकीकडं खंडवा, एकीकडं काशी, आणि कात्री माझ्या हातात.

प्रयागला उतरलो. तीर्थावर क्षौर सांगितलेलं आहे. वडील नाहीत म्हणून माझं डोकं करायचं, आणि आईचं तर करायचंच. आम्ही दोघं काठावर न्हाव्यापुढं बसलो. माझी मिशी गेली तेव्हा मी हळहळलो, खोटं कशाला बोलू. आईनं मात्र आलवण मागं सारून डोकं पुढं केलं ते एखादं भांडं घासायला द्यावं तसं. वस्तरा चालला होता आणि ती पाण्याकडे बघत होती. केस असे नव्हतेच, चार दिवसांचे खुंट. दुर्गा जवळच उभी होती. एरवी असल्या वेळी तिनं भिंत शोधून काहीतरी टोचून बोलून घेतलंच असतं. आज ती नुसती वस्तऱ्याकडे बघत होती.

मग होडी. होडीत आम्ही तिघं, मराठी बोलणारे एक उपाध्ये आणि वल्हं मारणारा. तिघांत मिळून केसांचं डोकं एकच. भांडण त्याच एका डोक्यावरून.

संगमाच्या मध्यावर होडी थांबली. दोन्ही पाणी वेगवेगळ्या रंगांचं, आणि आमच्या दोन्ही बाजू तर त्याहून वेगळ्या. उपाध्ये म्हणाले, "वहिनी, पतीची आज्ञा मागा."

"आज्ञा द्या," दुर्गा मला म्हणाली. मामलेदारही शिपायाला इतक्या जोरात सांगत नाही.

"दिली."

"आता मांडीवर बसा."

बसली. कित्येक महिने जी बाई माझ्या सावलीत उभी राहिली नव्हती, ती आईच्या देखत मांडीवर बसली ती अशी, की माझा पाय तिथंच मेला.

"यजमान, आता वेणी घाला."

मी केस हातात घेतले. तीन पेड असतात एवढं मला ठाऊक होतं. पुढं काय करतात ते ठाऊक नव्हतं. मी गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

"अरे, डावा पेड मधल्यावरून घे!" आई ओरडली. "डावा, मेल्या! गाय बांधतोयस काय खुंट्याला?"

"हा?"

"तो नव्हे! तो खाली सोड. आता उजवा. घट्ट ओढ. घट्ट, पण मुळाशी नको. तिला दुखेल."

हे आईनं हिच्याविषयी काढलेलं पहिलं बरं वाक्य. आई समोर बसून हवेत बोटं चालवून दाखवत होती. तिची बोटं भराभर चालत होती, आणि त्यांत केस नव्हते.

वेणी झाली. वेणी कसली, सुंभ. उपाध्यांनी हळद-कुंकू लावलं आणि कात्री माझ्या हातात दिली. "दोन अंगुळं."

दुर्गानं मागं हात नेऊन वेणीवर बोट ठेवलं. वीतभर वर. "इथं."

"दोन बोटं!" आई म्हणाली.

"इथं."

"वामन, मी होडीतनं उठून चालत काशीला जाईन, बघ."

"मी तर गाडीतनंच उतरणार आहे. मला पाण्यावर चालायची गरज नाही."

"बाई, तीर्थावर तरी—" उपाध्ये म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा!" ह्या दोघी एकदम म्हणाल्या. कित्येक महिन्यांत त्यांचं एकमत झालेलं हे पहिलंच.

आणि मग मी, केतकी, तुझा हा आजेसासरा, जो आयुष्यभर आमटी मागत आला होता, तो ताठ झालो. मी म्हटलं, "आई! बायको माझी, आयुष्य माझं, आणि कात्री माझ्या हातात. आता एक शब्द काढलास तर बघ!" असं म्हणायला आणि वारा पडायला एक गाठ. होडीवाल्यानं वल्हं वरच धरलं. शेजारच्या होडीतले गुजराती यात्रेकरू हात जोडून उभे राहिले. मी कात्री उघडली, आईच्या डोळ्याला डोळा दिला, आणि कचकन—

"किती?" केतकी पुढं सरकली.

"वीतभर! वर दोन बोटं रागाची. केस पाण्यावर पडले आणि शिशाच्या गोळीसारखे तळाशी गेले. जाताना पाणी दुभंगलं, आणि खाली साक्षात गुप्त सरस्वती मला दिसली. हात वर करून म्हणाली, 'वामना, धन्य आहेस.' आई खालमानेनं बसून राहिली. काशीचं नाव नाही."

"आणि आजी? खंडव्याला?"

"उतरते कशी! असा नवरा टाकून कोण उतरेल?"

"खोटं," खिडकीतून आवाज आला.

केतकी हसली. "आजी, सरस्वतीचं मलाही—"

"सरस्वतीचं नाही म्हणत मी. दिसली असेल त्यांना. डोळे मिटूनच बसले होते." दुर्गानं वातींचं ताट बाजूला ठेवलं. "कात्रीचं म्हणतेय. कात्री ह्यांनी चालवलीच नाही. सासूबाईंपुढं धरली आणि म्हणाले, 'आई, तूच सांग काय करू.'"

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिनं बघितलं नुसतं.

"त्या उठल्या. होडी ही अशी हलली. ह्यांच्या हातातनं कात्री घेतली. उपाध्ये ओरडले, 'अहो, सोवळ्या बाईचा हात नको सवाष्णीला!' त्यांनी तिकडं लक्षही दिलं नाही. ह्यांना म्हणाल्या, 'माझं डोकं करायला न्हावी आला होता ना वामन, तेव्हा माझा सख्खा भाऊ त्याला दार उघडून असाच परसात जाऊन बसला होता. गुडघ्यापर्यंत केस होते माझे. मला वाटलं होतं, तू त्यातला निघायचा नाहीस.' आणि माझी वेणी धरली, मी बोट ठेवलं होतं तिथंच, आणि कापली. आणि अहो, खंडव्याला गाडी थांबली तेव्हा मी उतरले नाही, ते तुमच्यासाठी नव्हे."